मोजदादीकडून माणसाकडे : लोकसंख्या आणि आरोग्य परिषदांचा मुंबईतील प्रवास

मुंबई, प्रतिनिधी

अंधेरी, सहार आणि मरोळ परिसरात विमानतळालगत असलेल्या हॉटेलांच्या सभागृहांत वर्षभर कोणती ना कोणती परिषद भरलेली असते. कधी हृदयरोगतज्ज्ञ जमतात, कधी दंतवैद्य, तर कधी औषधनिर्मिती क्षेत्रातील व्यावसायिक. गळ्यात ओळखपत्र आणि खांद्याला परिषदेची पिशवी अडकवलेले पाहुणे उपनगरवासीयांच्या ओळखीचे झाले आहेत. या परिषदांमध्ये 'लोकसंख्या आणि आरोग्य' या विषयावर भरणारी परिषद मात्र काहीशी वेगळी असते. तेथे एखाद्या रुग्णावरील शस्त्रक्रियेची चित्रफीत दाखवली जात नाही किंवा नव्या उपकरणाचे प्रात्यक्षिक होत नाही. तेथे चर्चा होते ती आकड्यांची. एखाद्या जिल्ह्यात दर हजार जन्मांमागे किती अर्भके दगावली, एखाद्या वस्तीतील किती स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, साठी ओलांडलेल्यांपैकी किती जणांना दीर्घकालीन आजार आहेत, असे प्रश्न तेथे मांडले जातात.

वरवर रुक्ष वाटणाऱ्या या चर्चेशी सामान्य नागरिकाचा संबंध फार जवळचा आहे. आपल्या विभागात दवाखाने किती असावेत, लसींचा पुरवठा किती व्हावा, कोणत्या आजारावर सरकारी पैसा खर्च व्हावा, हे अखेर याच आकड्यांवरून ठरत असते. या विषयाच्या इतिहासात मुंबईचे, विशेषतः तिच्या उपनगरांचे, स्थान मोठे असूनही त्याची माहिती फारशी कोणाला नसते.

परिषद म्हणजे काय?

डॉक्टर एका रुग्णाकडे पाहतो आणि हा माणूस आजारी का पडला, असे विचारतो. लोकसंख्या-आरोग्याचा अभ्यासक संपूर्ण वस्तीकडे पाहतो आणि याच वस्तीत इतकी माणसे आजारी का पडतात, असे विचारतो. त्यामुळे या परिषदांना येणाऱ्यांमध्ये डॉक्टरांबरोबरच लोकसंख्याशास्त्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ, अर्थतज्ज्ञ, समाजशास्त्रज्ञ, साथरोगतज्ज्ञ, आरोग्य खात्याचे अधिकारी आणि स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्तेही असतात.

परिषदेची तयारी काही महिने आधी सुरू होते. संशोधकांकडून निबंधांचे सारांश मागवले जातात. परीक्षक त्यांची छाननी करतात. निवडलेले काही निबंध सत्रांत वाचले जातात, तर काही भित्तिपत्रकांच्या रूपाने मांडले जातात. सर्वांसाठी एक मुख्य सत्र आणि त्यानंतर एकाच वेळी वेगवेगळ्या दालनांत चालणारी लहान सत्रे, अशी सर्वसाधारण रचना असते. समारोपाला शिफारशींचा मसुदा वाचून दाखवला जातो. भारतातील या क्षेत्रातील अभ्यासकांची 'इंडियन असोसिएशन फॉर द स्टडी ऑफ पॉप्युलेशन' ही संघटना १९७१ मध्ये स्थापन झाली. या विषयाच्या जागतिक संघटनेची परिषद १९८९ मध्ये नवी दिल्लीत भरली होती. २०२१ मध्ये ती हैदराबादला व्हायची होती, पण कोविडच्या साथीमुळे ऑनलाइन घ्यावी लागली.

परिषदांमध्ये ठराव पुष्कळ होतात आणि त्यांपैकी अनेक कागदावरच राहतात, अशी टीका नेहमी होते. ती सर्वस्वी खोटी नाही. तथापि मुंबईत ७० हून अधिक वर्षांपूर्वी झालेल्या एका परिषदेने जगाच्या धोरणावर ठसा उमटवला, हेही खरे आहे.

कर्वे यांचे दवाखान्यातील काम

त्या परिषदेची पार्श्वभूमी मुंबईत फार आधी तयार झाली होती. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र सुरू झाले तेही याच वर्षी. गणिताचे प्राध्यापक असलेल्या कर्वे यांना या कार्यापायी महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवले. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटले झाले. त्यांपैकी एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली होती.

पुढे नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या प्रसाराचा अशासकीय ठराव मांडला. तो फेटाळला गेला. या सर्व खटाटोपात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कर्वे यांच्या विचाराच्या केंद्रस्थानी देशाची लोकसंख्या नव्हती, तर स्त्रीचे आरोग्य आणि तिचा स्वतःच्या शरीरावरील अधिकार होता. हा विचार जागतिक परिषदांच्या ठरावांत मध्यवर्ती जागा मिळवू शकला तो मात्र अनेक दशकांनंतर.

नोव्हेंबर १९५२ : मुंबईतील जागतिक परिषद

धन्वंती रामा राव यांच्या पुढाकाराने १९४९ मध्ये 'फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडिया' ही संस्था मुंबईत स्थापन झाली. तीनच वर्षांनी, नोव्हेंबर १९५२ मध्ये, या संस्थेने कुटुंबनियोजनावरील तिसरी आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरवली. याआधीच्या दोन परिषदा स्टॉकहोम आणि इंग्लंडमधील चेल्टनहॅम येथे झाल्या होत्या. मुंबईच्या परिषदेला अमेरिकेतील संततिनियमन चळवळीच्या अग्रणी मार्गारेट सँगर उपस्थित होत्या. उद्घाटनाला उपराष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन आले होते.

याच परिषदेत 'इंटरनॅशनल प्लॅन्ड पेरेंटहूड फेडरेशन' या जागतिक संघटनेची स्थापना झाली. भारत, ब्रिटन, अमेरिका, स्वीडन, नेदरलँड्स, पश्चिम जर्मनी, सिंगापूर आणि हाँगकाँग येथील संस्था तिच्या संस्थापक सदस्य होत्या. सँगर आणि रामा राव या दोघींकडे संयुक्त मानद अध्यक्षपद आले. त्याच वर्षी भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. सरकारी पातळीवर असा कार्यक्रम सुरू करणारा भारत हा जगातील पहिला देश ठरला.

१९५१ च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या सुमारे ३६ कोटी होती. अन्नधान्याची टंचाई होती, मृत्युदर घटू लागला होता आणि जन्मदर चढाच होता. त्यामुळे त्या काळातील चर्चांवर 'वाढत्या तोंडांची' चिंता दाटून होती. माणसाच्या आरोग्यापेक्षा माणसांच्या संख्येला महत्त्व आले. पुढील २५ वर्षांत या दृष्टीचे परिणाम देशाने भोगले.

चेंबूर ते देवनार : मोजणाऱ्यांची शाळा

लोकसंख्येचे प्रश्न अभ्यासायचे तर प्रशिक्षित माणसे हवीत, या गरजेतून जुलै १९५६ मध्ये चेंबूर येथे 'डेमोग्राफिक ट्रेनिंग अँड रिसर्च सेंटर' स्थापन झाले. सर दोराबजी टाटा ट्रस्ट, भारत सरकार आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांचा तो संयुक्त उपक्रम होता. भारतासह आशियातील अन्य देशांचे विद्यार्थी येथे लोकसंख्याशास्त्र शिकण्यासाठी येऊ लागले. १९७० मध्ये संस्थेचे नाव बदलले. १९८५ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि 'आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था' अर्थात 'आयआयपीएस' हे आजचे नाव रूढ झाले. देवनार येथील या संस्थेत घडलेले अभ्यासक आज अनेक देशांच्या सांख्यिकी खात्यांत आणि विद्यापीठांत काम करतात.

तिच्या शेजारीच टाटा समाजविज्ञान संस्था आहे. १९३६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था १९५४ मध्ये देवनारला आली. तंबाखू सेवनाविषयीच्या जागतिक पाहणीच्या भारतातील दोन फेऱ्या या दोन शेजाऱ्यांनी केल्या, ही यातली गमतीची बाब. २००९-१० ची फेरी आयआयपीएसने केली, तर २०१६-१७ ची टाटा संस्थेने. या दोन फेऱ्यांमध्ये तंबाखूचे सेवन करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण ३४.६ टक्क्यांवरून २८.६ टक्क्यांवर आल्याचे दिसले.

मात्र या दोन्ही संस्था ज्या 'एम पूर्व' विभागात आहेत, त्याची स्थिती अस्वस्थ करणारी आहे. महापालिकेच्या २००९ मधील मुंबई मानव विकास अहवालात शहरातील २४ विभागांमध्ये हा विभाग सर्वांत खाली होता. त्याचा निर्देशांक केवळ ०.०५ होता. १९२७ पासून शहराचा कचरा जेथे टाकला जातो ते देवनारचे क्षेपणभूमीचे मैदान याच विभागात आहे. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवरची साथ पसरली आणि बालके दगावली, तेव्हा साथीचा सर्वाधिक जोर गोवंडीतच होता. देशाच्या आरोग्याची मोजदाद करणाऱ्या संस्था आणि शहरातील सर्वांत उपेक्षित वस्त्या यांच्यामध्ये चालत जाण्याइतकेच अंतर आहे. आकडे हाती असणे आणि त्यावर कृती होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा याहून जवळचा दाखला मुंबईकराला सापडणार नाही.

सक्तीचा काळ

१९७४ मध्ये रुमानियातील बुखारेस्ट येथे जागतिक लोकसंख्या परिषद भरली. विकास हेच सर्वोत्तम गर्भनिरोधक होय, अशी भूमिका भारताचे तत्कालीन आरोग्यमंत्री डॉ. करण सिंह यांनी तेथे मांडली. ती जगभर गाजली. दोनच वर्षांनी, आणीबाणीत, १६ एप्रिल १९७६ रोजी त्याच मंत्र्यांनी जाहीर केलेल्या लोकसंख्या धोरणाने राज्यांना सक्तीच्या नसबंदीचा कायदा करण्याची मुभा दिली. महाराष्ट्र विधिमंडळाने तसे विधेयक १९७६ मध्ये मंजूरही केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. पण १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. उद्दिष्ट गाठण्यासाठी शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक यांना माणसे आणण्याचे काम लावण्यात आले.

१९७७ मध्ये सरकार बदलले आणि 'कुटुंबनियोजन' या शब्दाच्या जागी 'कुटुंबकल्याण' हा शब्द आला. नसबंदीचा रोख त्यानंतर पुरुषांकडून जवळजवळ पूर्णपणे स्त्रियांकडे वळला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी शस्त्रक्रिया करून घेतली होती, तर पुरुष नसबंदीचे प्रमाण होते अवघे ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी आणि कमी जोखमीची असूनही कुटुंबनियोजनाचा भार कोणाच्या शरीरावर पडतो, ते या दोन आकड्यांतून स्पष्ट होते.

कैरोनंतरचे वळण

सप्टेंबर १९९४ मध्ये इजिप्तची राजधानी कैरो येथे लोकसंख्या आणि विकास या विषयावरील आंतरराष्ट्रीय परिषद झाली. १७९ देशांनी तिचा कृतिकार्यक्रम स्वीकारला. लोकसंख्येचे उद्दिष्ट पुढे करून स्त्रियांवर सक्ती करता येणार नाही, त्यांचे आरोग्य, शिक्षण आणि निर्णयाचा अधिकार हाच धोरणाचा पाया असला पाहिजे, असे या परिषदेने मान्य केले. कर्वे यांनी १९२१ मध्ये जे सांगितले, ते जगाने ७३ वर्षांनी स्वीकारले असे म्हणावे लागेल.

भारताने एप्रिल १९९६ पासून गर्भनिरोधक साधनांची वरून ठरवून दिलेली उद्दिष्टे रद्द केली. १९९७ मध्ये प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. २००० मध्ये राष्ट्रीय लोकसंख्या धोरण आले. धोरणाची भाषा बदलली तरी जुनी वृत्ती पूर्णपणे गेली नाही. महाराष्ट्रात सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्यांना स्थानिक स्वराज्य संस्थांची निवडणूक लढवण्यास अपात्र ठरवण्यात आले, तर २००५ मध्ये सरकारी नोकरीसाठी लहान कुटुंबाची अट आली. त्याच सुमारास, २००५-०६ च्या सर्वेक्षणात, राज्यातील जननदर २.११ म्हणजे जवळजवळ स्थिर लोकसंख्येच्या पातळीवर आलेला होता. २०१९-२१ मध्ये तो १.७१ झाला. मुले कमी व्हावीत म्हणून दंड करण्याची गरज उरली आहे काय, हा प्रश्न म्हणूनच आज परिषदांमध्ये विचारला जातो.

लहान कुटुंबाच्या आग्रहाची दुसरी बाजू अधिक गंभीर होती. मुले थोडी हवीत आणि त्यात मुलगा हवाच, या हट्टापायी मुलींचे गर्भ पाडले गेले. गर्भलिंग निदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला. तरीही राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६ होती, ती २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाली. कायद्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून मुंबईची 'सेहत' आणि पुण्याची 'मासूम' या संस्था व डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. जनगणनेचा आकडा न्यायालयापर्यंत पोचतो तो असा.

आकडा कसा तयार होतो?

परिषदेत पडद्यावर झळकणाऱ्या टक्केवारीचा उगम कोणाच्या तरी घराच्या उंबरठ्यावर होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे मुख्य समन्वयन आयआयपीएसकडे आहे. पहिली फेरी १९९२-९३ मध्ये झाली. त्यानंतर १९९८-९९, २००५-०६, २०१५-१६ आणि २०१९-२१ या वर्षांत पुढील फेऱ्या पार पडल्या. सहाव्या फेरीचे क्षेत्रकाम २०२३-२४ मध्ये झाले.

पहिल्या फेरीत सुमारे ८८ हजार कुटुंबांची पाहणी झाली होती. पाचव्या फेरीत ती ६ लाख ३६ हजारांहून अधिक कुटुंबांपर्यंत गेली. ७०७ जिल्ह्यांतील ७ लाख २४ हजारांहून अधिक स्त्रिया आणि १ लाखाहून अधिक पुरुष यांच्या मुलाखती झाल्या. गावे किंवा शहरी गट आधी नमुना म्हणून निवडले जातात. तेथील सर्व घरांची यादी केली जाते आणि प्रत्येक गटातून २२ कुटुंबे निवडली जातात. निवडलेल्या घराऐवजी शेजारचे सोयीचे घर घेता येत नाही. सर्वेक्षणाची विश्वासार्हता या शिस्तीवर अवलंबून असते.

मुलाखत घेणारी बहुधा तरुण मुलगी असते. लग्नाचे वय, बाळंतपणे, दगावलेली मुले, गर्भनिरोधकांचा वापर हे सारे ती एका अनोळखी स्त्रीला विचारते. घरातील मारहाणीविषयीचे प्रश्न एका घरातील एकाच स्त्रीला आणि तेही पूर्ण एकांत मिळाला तरच विचारायचे, असा दंडक आहे. सासू किंवा नवरा जवळ असेल तर तो भाग सोडून द्यावा लागतो. उत्तर देणाऱ्या स्त्रीला त्यामुळे इजा होऊ नये, हा त्यामागचा हेतू. त्यानंतर मुलांचे वजन आणि उंची मोजली जाते.

या कष्टातून जे हाती आले ते मोलाचे आहे. देशातील अर्भक मृत्युदर पहिल्या फेरीत दर हजार जन्मांमागे ७९ च्या घरात होता. पाचव्या फेरीत तो ३५ वर आला. रुग्णालयातील बाळंतपणांचे प्रमाण २६ टक्क्यांवरून सुमारे ८९ टक्क्यांवर गेले. एकूण जननदर ३.४ वरून २ वर आला. चित्राची दुसरी बाजूही याच सर्वेक्षणाने दाखवली. १५ ते ४९ वयोगटातील रक्तक्षय असलेल्या स्त्रियांचे प्रमाण चौथ्या फेरीतील ५३ टक्क्यांवरून पाचव्या फेरीत ५७ टक्क्यांवर गेले, तर पाच वर्षांखालील ३५ टक्क्यांहून अधिक मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली.

मोजणी प्रामाणिक झाली तर काय घडू शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावागावांतील प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदवला. प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतल्याने ३९ गावांत नवजात मृत्युदर निम्म्याहून खाली आला. हा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि पुढे ही पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग बनली. २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' या अहवालाने तर राज्यातील अनेक बालमृत्यू सरकारी नोंदीतच येत नाहीत, हे उघड केले. ज्या मुलाचा मृत्यू नोंदवलाच जात नाही, त्याच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद कोठून होणार?

एकाच शहरात दोन शहरे

मुंबईसारख्या महानगराची सरासरी काढणे सोपे, पण तिच्यावर विसंबणे धोक्याचे असते. २००५-०६ च्या सर्वेक्षणात आठ शहरांतील झोपडपट्ट्या आणि अन्य वस्त्या यांची स्वतंत्र पाहणी करण्यात आली. त्यात मुंबई आणि नागपूर ही महाराष्ट्रातील दोन शहरे होती.

हे अंतर किती ठळक असू शकते ते जुलै २०२० मध्ये दिसले. कोविडच्या पहिल्या लाटेत नीती आयोग, मुंबई महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी दहिसर, चेंबूर आणि माटुंगा या परिसरांतील तीन विभागांत रक्तातील प्रतिपिंडांची पाहणी केली. झोपडपट्ट्यांतील सुमारे ५७ टक्के लोकांमध्ये, तर अन्य इमारतींतील केवळ १६ टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडे आढळली. एकच शहर, एकच विषाणू, पण सामायिक शौचालय आणि दाटीवाटीची खोली यांमुळे संसर्गाचे प्रमाण तिपटीहून अधिक. या पाहणीसाठी ८,८७० नमुने अपेक्षित होते. प्रत्यक्षात ६,९३६ मिळाले. एखाद्या सोसायटीने सर्वेक्षकाला फाटकावरूनच परत पाठवले, तर त्या सोसायटीची माहिती शहराच्या चित्रातून गळते, हे नागरिकांनीही लक्षात ठेवायला हवे.

वार्धक्याचा नवा प्रश्न

१९५२ मध्ये परिषदांसमोर पाळण्यांचा प्रश्न होता. आता काठ्यांचा आहे. २०११ मध्ये देशात साठीपुढील नागरिक १० कोटींहून अधिक होते. त्यांच्या आरोग्याचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणारा 'लासी' हा अभ्यास आयआयपीएसने हार्वर्ड आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांच्या साहाय्याने हाती घेतला. २०१७-१८ मधील पहिल्या फेरीत ४५ वर्षांपुढील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची पाहणी झाली. साठीपुढील दर चारांपैकी तिघांना कोणता ना कोणता दीर्घकालीन आजार असल्याचे त्यात आढळले. मुले परगावी किंवा परदेशी आणि आईवडील विलेपार्ले, अंधेरी किंवा मुलुंडच्या सदनिकेत, हे चित्र उपनगरांना नवे नाही. या वृद्धांच्या देखभालीची व्यवस्था आपल्याकडे अजून बालसंगोपनाच्या कार्यक्रमांइतकी रुजलेली नाही.

पाया जुना, इमारत नवी

सर्व पाहण्यांचा पाया जनगणना हा असतो. नमुना निवडण्याची यादी तीच पुरवते. २०२१ मध्ये होणारी जनगणना त्या वर्षी झाली नाही. १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून होणाऱ्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. म्हणजे दीड दशकाहून अधिक काळ देशाचे नियोजन २०११ च्या आकड्यांवर आणि अंदाजांवर चालले.

उपनगरांच्या दृष्टीने याचा अर्थ काय? २०११ मध्ये मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाख ५६ हजारांहून अधिक होती. अंधेरीचा समावेश असलेल्या 'के पूर्व' आणि 'के पश्चिम' या दोन विभागांत मिळून १५ लाखांहून अधिक लोक राहत होते. त्यानंतर चाळींच्या जागी टॉवर उभे राहिले, झोपडपट्ट्यांचे पुनर्वसन झाले, मेट्रो आली. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाच्या निकषानुसार दर ५० हजार लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र हवे. पण त्या ५० हजारांचा हिशेबच जुना असेल तर केंद्रातील रांग लांबणारच.

मोजणारी संस्था किती मोकळेपणाने काम करू शकते, हाही तितकाच महत्त्वाचा मुद्दा आहे. जुलै २०२३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आयआयपीएसच्या तत्कालीन संचालकांना निलंबित केले. संस्थेतील भरतीविषयक तक्रारी हे कारण सांगण्यात आले, तर सर्वेक्षणाचे काही निष्कर्ष सरकारला गैरसोयीचे ठरल्याची शंका विरोधकांनी व्यक्त केली. त्याच वर्षी निलंबन मागे घेण्यात आले. सर्वेक्षणाच्या सहाव्या फेरीतून रक्तक्षयाची चाचणी वगळण्यात आली. बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबावरून केलेले निदान पुरेसे अचूक नसते आणि शिरेतील रक्त तपासणारी वेगळी पाहणी होणार आहे, असे त्याचे समर्थन करण्यात आले. हा आक्षेप शास्त्रीयदृष्ट्या निराधार नाही. पण मोजण्याची पद्धत बदलली की जुन्या आणि नव्या आकड्यांची तुलना करता येत नाही, ही त्याची किंमत असते.

वाचकाने काय पाहावे?

परिषदेतील एखादा आकडा वृत्तपत्रात वाचताना चार गोष्टी तपासाव्यात. तो कोणत्या वर्षाचा आहे? तो प्रत्यक्ष मोजलेला आहे की अंदाज आहे? तो साऱ्या शहराची सरासरी आहे की झोपडपट्टी आणि इमारती वेगळ्या दाखवल्या आहेत? आणि आधीच्या आकड्याशी तुलना करताना मोजण्याची पद्धत तीच आहे का? या चार प्रश्नांची उत्तरे नसतील तर टक्केवारी कितीही ठसठशीत छापलेली असली तरी तिच्यावर मत बनवण्याची घाई करू नये.

मुंबईतील १९५२ च्या परिषदेपासून आजवर या व्यासपीठांवरील प्रश्न बदलत गेला. 'माणसे किती?' या प्रश्नाची जागा 'माणसे कशी जगतात?' या प्रश्नाने घेतली. या बदलासाठी कर्वे यांच्यासारख्यांनी उपहास सोसला, आणीबाणीत लाखो गरिबांनी शरीरावर किंमत मोजली आणि हजारो सर्वेक्षकांनी उन्हापावसात दारे ठोठावली. जनगणनेचे प्रगणक आणि त्यांच्यानंतर पुढील पाहण्यांचे सर्वेक्षक उपनगरांतील जिने चढतील, तेव्हा त्यांना दार उघडून खरी माहिती देणे हा या प्रवासातील नागरिकाचा वाटा आहे. त्या माहितीचा उपयोग दवाखान्यापर्यंत पोचला की नाही, याचा जाब नगरसेवकाला आणि सरकारला विचारणे हा त्याच नागरिकाचा अधिकार आहे.